संचालन प्रणालीची निवड : चाळीस वर्षांचा एक प्रशासकीय धडा

"नवा संगणक घ्यायचा आहे, त्यात कोणती प्रणाली टाकून घेऊ?" हा प्रश्न गेल्या वीस-पंचवीस वर्षांत मला इतक्या वेळा विचारला गेला आहे, की बदल्या-बढत्यांविषयीही कोणी इतक्यांदा विचारले नसेल. विचारणारे कधी शिक्षणासाठी घरापासून दूर गेलेले भाचे-पुतणे असतात. कधी बडोदे, इंदूर, बंगळूर किंवा दिल्ली येथील महाराष्ट्र मंडळाचे कार्यवाह असतात, ज्यांना सभासदांची यादी मराठीतच ठेवायची असते. तर कधी नुकतेच रुजू झालेले तरुण अधिकारी असतात, ज्यांच्या टेबलावर शंभर संगणकांच्या खरेदीची नस्ती येऊन पडलेली असते. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० या प्रणालीला मिळणारे सर्वसाधारण सुरक्षा-साहाय्य संपले आणि हा प्रश्न पुन्हा एकदा घरोघरी व कचेऱ्या-कचेऱ्यांतून विचारला जाऊ लागला.

या प्रश्नाचे उत्तर विक्रेत्याच्या माहितीपत्रकात शोधण्याची आपल्याला सवय आहे. माझ्या मते ते इतिहासात शोधावे. भारतातील बँका, रेल्वे, महसूल खाते, शाळा यांनी गेल्या चाळीस वर्षांत ही निवड वारंवार केली आहे. कधी विचारपूर्वक, तर कधी विचार न करता. त्यांचे काय साधले आणि कोठे ठेच लागली हे पाहिले, तर घरच्या एका संगणकाची निवडही सोपी होते.

चिटणीस आणि कचेरी

संचालन प्रणाली, म्हणजे ज्याला आपण ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतो ती, नेमके काय करते? जिल्हाधिकारी कार्यालयात चिटणीस नावाचे एक पद असते. लोकांना जिल्हाधिकारी दिसतात, चिटणीस फारसे दिसत नाहीत. परंतु कोणती नस्ती कोणत्या कपाटात आहे, कोणाचा कागद आधी पुढे जायचा, कोणत्या कारकुनाला कोणते दप्तर उघडण्याची मुभा आहे, हे सर्व तेच पाहतात. संगणकात हेच काम संचालन प्रणाली करते. स्मृतीची जागा वाटणे, एकाच वेळी चाललेल्या अनेक कामांना पाळीपाळीने वेळ देणे, कळफलक व छपाईयंत्र यांच्याशी व्यवहार ठेवणे आणि कोणाला कोणती फाइल उघडता येईल हे ठरवणे, ही तिची कामे.

चिटणीस बदलला की कचेरीची शिस्त बदलते. पण चांगला चिटणीस जाताना दप्तर असे लावून जातो, की त्याच्या जागी येणाऱ्याला कोणताही कागद सापडावा. ही गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी, कारण या लेखाचे सारे सार तिच्यात आहे.

निवड नव्हती तेव्हा

साठ-सत्तरच्या दशकात भारतात जे थोडे संगणक होते, त्यांत आयबीएम कंपनीच्या यंत्रांचा वाटा मोठा होता. ही यंत्रे प्रामुख्याने भाड्याने दिली जात. यंत्राबरोबर जी व्यवस्था येईल ती निमूटपणे वापरायची, अशी तेव्हाची रीत होती. १९७३ च्या परकीय चलन नियमन कायद्यानुसार विदेशी कंपन्यांनी आपला भागभांडवली हिस्सा ४० टक्क्यांपर्यंत खाली आणणे अपेक्षित होते. ती अट मान्य न झाल्याने आयबीएमने १९७८ साली भारतातील कारभार आटोपता घेतला. तिच्या यंत्रांच्या देखभालीची जबाबदारी सीएमसी या सार्वजनिक कंपनीने उचलली.

या घटनेकडे आपण बहुधा राजकारणाच्या चष्म्यातून पाहतो. प्रशासनाच्या दृष्टीने तिचा अर्थ वेगळा आहे. एका पुरवठादाराच्या यंत्रावर आणि त्याच्याच व्यवस्थेवर आपले सर्व काम बेतलेले असेल आणि तो पुरवठादार उद्या निघून गेला, तर काय? हा प्रश्न भारतीय प्रशासनाला तेव्हा पहिल्यांदा टोचला.

त्याचे उत्तर पुढच्या दशकात युनिक्सच्या रूपाने मिळाले. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९६९ मध्ये जन्मलेली ही प्रणाली १९७३ मध्ये सी या भाषेत नव्याने लिहिली गेली. त्यामुळे ती एका विशिष्ट यंत्राला बांधलेली राहिली नाही. यंत्र बदलले तरी तिला थोड्या फेरफाराने नव्या यंत्रावर नेता येत असे. आपल्याकडे बँकांच्या यांत्रिकीकरणाबाबत १९८३ मध्ये बँक व्यवस्थापन व कर्मचारी संघटना यांच्यात करार झाला. पाठोपाठ डॉ. सी. रंगराजन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९८४ मध्ये आपला अहवाल दिला. त्यानंतर बँकांच्या शाखांत खातेवह्यांच्या नोंदी करणारी यंत्रे येऊ लागली. या काळात बँका व सरकारी विभाग यांनी आपला कल युनिक्सकडे ठेवला.

या निवडीमागचा हिशेब साधा होता. एकाच शाखेत तीन-चार कारकून एकाच वेळी एकाच खातेवहीत नोंदी करणार. म्हणजे प्रणाली अनेकांची कामे एकत्र सांभाळणारी हवी. कोणी कोणती नोंद पाहावी यावर बंधन हवे. शिवाय यंत्रे निरनिराळ्या देशी कंपन्यांकडून घेतली जाणार असल्याने प्रणाली मात्र समान हवी. त्या वेळची डॉस ही एका माणसाची, एका टेबलाची प्रणाली होती. घरगुती हिशेबाला ती पुरेशी होती, बँकेच्या खातेवहीला नाही. या निवडीचा एक अनपेक्षित लाभही झाला. युनिक्स जाणणाऱ्या तंत्रज्ञांची एक पिढी देशात तयार झाली आणि पुढे सॉफ्टवेअरच्या निर्यातीला तिचा मोठा उपयोग झाला.

एक खिडकी, पाच शहरे

रेल्वेच्या आरक्षणाची कथा आणखी बोलकी आहे. ज्यांनी ऐंशीच्या दशकाच्या आधी प्रवास केला आहे, त्यांना आठवत असेल की प्रत्येक गाडीची वही वेगळी, त्यामुळे खिडकी वेगळी आणि रांगही वेगळी. एका रांगेत तासभर उभे राहून 'या गाडीत जागा नाही' असे ऐकले, की दुसऱ्या गाडीसाठी दुसऱ्या रांगेत पुन्हा शेवटी उभे राहायचे. घरापासून दूर नोकरी करणाऱ्या मराठी माणसाच्या गणपतीच्या आणि दिवाळीच्या रजेचा पहिला दिवस अशा रांगेतच जात असे.

नोव्हेंबर १९८५ मध्ये दिल्लीत संगणकीय आरक्षणाचा प्रारंभ झाला. त्यासाठी डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या कंपनीचे व्हॅक्स संगणक आणि त्यांची व्हीएमएस ही प्रणाली वापरली गेली. पुढे रेल्वेच्या 'क्रिस' या संस्थेने, जिची स्थापना १९८६ मध्ये झाली, 'कॉन्सर्ट' हे आज्ञाप्रणालीचे संकुल तयार केले. ते प्रथम सप्टेंबर १९९४ मध्ये सिकंदराबादला कार्यान्वित झाले. एप्रिल १९९९ पर्यंत दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई व सिकंदराबाद ही पाचही केंद्रे परस्परांशी जोडली गेली. चेन्नईत बसून दिल्ली-भोपाळ प्रवासाचे तिकीट काढणे तेव्हापासून शक्य झाले.

येथे गरज कोणती होती? एकच शायिका दोन प्रवाशांना कदापि दिली जाता कामा नये आणि एक यंत्र बंद पडले तरी खिडकी बंद पडता कामा नये. अनेक संगणकांना एका संचात जोडून, एकाच्या जागी दुसऱ्याने काम पाहावे ही सोय व्हीएमएसमध्ये चांगल्या रीतीने होती, म्हणून ती निवड योग्य ठरली. परंतु या निवडीची किंमतही होती. मूळ कंपनी १९९८ मध्ये कॉम्पॅकने विकत घेतली, २००२ मध्ये कॉम्पॅक एचपीमध्ये विलीन झाली आणि रेल्वेला व्हॅक्सवरून अल्फावर, अल्फावरून इटॅनियमवर असे यंत्रांमागून स्थलांतर करावे लागले. खिडक्या चालू ठेवून हे स्थलांतर करणाऱ्या अभियंत्यांचे नाव कोणाला माहीत नाही. पण प्रशासनातील खरे यश अनेकदा असेच अनामिक असते.

लिपीचा प्रश्न

बँक आणि रेल्वे यांचे काम आकड्यांत आणि रोमन अक्षरांत भागत होते. महसूल, पंचायत, पोलीस, शाळा या खात्यांचे तसे नव्हते. तेथे नाव, गाव, नाते आणि तक्रार हे सर्व लोकांच्या भाषेत येते.

या दिशेने कानपूरच्या आयआयटीत मोलाचे काम झाले. १९८३ मध्ये दिल्लीत भरलेल्या तिसऱ्या विश्व हिंदी संमेलनात तेथे घडवलेला देवनागरी संगणक मांडण्यात आला होता. या कामातून 'जिस्ट' तंत्रज्ञान विकसित झाले. त्यामागील एक प्रमुख नाव मोहन तांबे यांचे. १९८८ मध्ये पुण्यात डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली सी-डॅक उभी राहिल्यावर हे काम तेथे पुढे गेले. जिस्ट कार्ड संगणकात बसवले, की डॉसवर चालणाऱ्या नेहमीच्याच आज्ञावलींत देवनागरी, गुजराती, तमिळ, बंगाली अशा लिप्यांत मजकूर लिहिता येई. १९८६ मध्ये इन्स्क्रिप्ट हा कळफलक प्रमाण म्हणून ठरला आणि अक्षरांच्या संकेतांकनाचे भारतीय मानक आयएस १३१९४ हे १९९१ मध्ये निश्चित झाले.

या मानकाचे मर्म आपल्या वर्णमालेत आहे. ब्राह्मीपासून निघालेल्या बहुतेक भारतीय लिप्यांची वर्णमाला मुळात एकच: क ख ग घ, च छ ज झ. म्हणून मराठीत ज्या कळीवर 'क' आहे, त्याच कळीवर तमिळ, कन्नड वा बंगालीतही 'क'च येतो. बंगळुरात वाढलेल्या मराठी मुलाने एक लिपी टंकित करायला शिकली, की दुसरी त्याला जवळजवळ आपोआप येते. १९९१ मध्येच प्रसिद्ध झालेल्या युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत भारतीय लिप्यांची मांडणी आपल्या १९८८ च्या मानकावर आधारलेली होती.

मग अडले कोठे? डॉस मागे पडून विंडोज ९५ व ९८ यांचा जमाना आला. चित्ररूप पडद्यावर जिस्ट कार्डाची जुनी युक्ती चालेना आणि या प्रणालींत भारतीय लिप्यांची अंगभूत सोय नव्हती. ही पोकळी खाजगी फॉन्टांनी भरून काढली. रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीच्या काना, मात्रा, अर्धी अक्षरे बसवायची, ही त्यांची रीत होती. संगणकाच्या लेखी ते रोमनच. आपल्या डोळ्यांना तेवढे ते मराठी. त्यात प्रत्येक उत्पादकाची मांडणी निराळी. एकाचा मजकूर दुसऱ्याच्या संगणकावर उघडला, की कागदावर मुंग्या चालत गेल्यासारखा दिसे.

विंडोज २००० मध्ये देवनागरीची युनिकोड सोय आली. विंडोज एक्सपीमध्येही ती होती, पण नियंत्रण-फलकात जाऊन एका चौकटीत खूण करावी लागे आणि मूळ तबकडी मागितली जाई. ही एक खूण करायची असते हे न कळल्यामुळे असंख्य कचेऱ्या पुढची कित्येक वर्षे जुन्याच फॉन्टांवर चालत राहिल्या. याच काळात लिनक्सवरही स्वयंसेवकांनी भारतीय भाषांची सोय नेटाने उभी केली.

माझ्या हातून झालेली एक चूक

येथे एक अनुभव सांगणे मला कर्तव्य वाटते. उत्तर भारतातील एका जिल्ह्यात असताना कार्यालयाचे जुने संगणक काढून नवे घेण्याच्या प्रस्तावावर मी स्वाक्षरी केली. जुने विंडोज ९८ वर होते, नवे एक्सपीवर. तुलनात्मक तक्त्यात वेग, स्मृती, किंमत, हमीचा काळ हे सर्व रकाने होते. 'जुनी माहिती नव्या यंत्रावर वाचता येईल काय' हा रकाना नव्हता, आणि तो नाही हे माझ्याही लक्षात आले नाही.

विधवा निवृत्तिवेतनाची तालुकावार यादी एका खाजगी फॉन्टात होती. त्या फॉन्टाची आज्ञावली संगणकाच्या मागे लावायच्या एका छोट्या कुलपाशिवाय चालत नसे. नव्या प्रणालीने ते कुलूप ओळखले नाही. यादी उघडली तर रोमन अक्षरांची खिचडी. जुनी यंत्रे तोवर निर्लेखित होऊन गेली होती. शेवटी छापील प्रतींवरून सगळी यादी पुन्हा टंकित करावी लागली. जेथे छापील प्रत फाटलेली होती, तेथील नावे गळाली.

ही गोष्ट मला कळली ती एका म्हाताऱ्या बाईमुळे. चार महिने पैसे आले नाहीत म्हणून ती दहा कोस चालून भेटीच्या वारी कचेरीत आली होती. तिच्या पासबुकात पूर्वीच्या सर्व नोंदी होत्या. आमच्या संगणकात मात्र ती नव्हतीच. आम्ही नावे शोधून काढली, थकबाकीही दिली. पण त्या चार महिन्यांत तिने काय खाल्ले असेल, याचा हिशेब कोणत्याही लेखापरीक्षणात निघाला नाही. दोष प्रणालीचा नव्हता. निवड करणाऱ्याने विचारायचा प्रश्न विचारला नव्हता आणि तो निवड करणारा मी होतो.

तालुका आणि शाळा

याच्या उलट, प्रश्न नीट विचारला की काय होते याचे उदाहरण कर्नाटकात सापडते. तेथील 'भूमी' प्रकल्पात २००० ते २००२ या काळात सुमारे ६७ लाख शेतकऱ्यांचे दोन कोटी भूमी-अभिलेख संगणकात आणून १७७ तालुक्यांत खिडक्या उघडण्यात आल्या. त्यासाठी विंडोज एनटी ही प्रणाली वापरली होती. राजीव चावला या अधिकाऱ्यांच्या पुढाकाराने झालेल्या या कामाची खरी शक्ती प्रणालीच्या नावात नव्हती. फेरफाराचे अर्ज आले त्याच क्रमाने निकाली काढण्याचे बंधन, नोंद करणाऱ्याच्या बोटाच्या ठशाने ओळख आणि हस्तलिखित उताऱ्याची कायदेशीर मान्यता काढून घेण्याचा धाडसी निर्णय या तीन गोष्टींत ती होती. आधी गरज ठरली आणि मग ती भागवणारे साधन आले.

केरळची वाट वेगळी. २००१ मध्ये तेथे 'आयटी ॲट स्कूल' हा शालेय प्रकल्प सुरू झाला. त्याच वर्षी तिरुवनंतपुरम येथे फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनच्या भारतीय शाखेचे उद्घाटन रिचर्ड स्टॉलमन यांच्या उपस्थितीत झाले होते. मुलांना एका कंपनीचे उत्पादन शिकवायचे की संगणक शिकवायचा, असा प्रश्न तेथील शिक्षकांनीच उपस्थित केला. पुढील काही वर्षांत शाळांचे संगणक टप्प्याटप्प्याने लिनक्सवर आणले गेले. यात परवाना-शुल्क वाचले हे खरे, पण मला अधिक महत्त्वाचे वाटते ते निराळेच. शिक्षकांतूनच प्रशिक्षक तयार केले गेले, मल्याळम भाषेची सोय स्थानिक स्वयंसेवकांनी सुधारली आणि शाळांच्या गरजेनुसार प्रणालीची खास आवृत्ती घडवली गेली. २०१९ मध्ये तिची नवी आवृत्ती आली, तेव्हा ती दोन लाखांवर संगणकांसाठी होती.

मे २००३ मध्ये पुण्यातील एका माहिती-तंत्रज्ञान संस्थेच्या समारंभात तत्कालीन राष्ट्रपती डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांनी मुक्त सॉफ्टवेअरचा जाहीर पुरस्कार केला होता. तमिळनाडूत २००६-०७ च्या सुमारास सी. उमाशंकर या अधिकाऱ्यांनी 'एल्कॉट' या सरकारी कंपनीचे संगणक सुसे लिनक्सवर नेले. जानेवारी २००७ मध्ये सी-डॅकची 'बॉस' ही डेबियनवर आधारित भारतीय प्रणाली आली. मात्र केरळइतके सातत्य अन्यत्र क्वचितच राहिले. एक अधिकारी उत्साहाने प्रणाली बदलतो, त्याची बदली होते, आणि उत्तराधिकारी पहिल्याच महिन्यात जुनी परत आणतो. केरळात निर्णय व्यक्तीचा न राहता शिक्षकवर्गाचा झाला, म्हणून तो टिकला. जर्मनीतील म्युनिक महापालिकेने २००३ मध्ये लिनक्सकडे जाण्याचा निर्णय घेतला, सुमारे १५ हजार संगणक बदलले आणि २०१७ मध्ये पुन्हा विंडोजकडे वळण्याचे ठरवले. म्हणजे हा दोष केवळ आपल्याकडचा नाही.

जुन्या यंत्राचा हिशेब

निवड एकदाच करायची नसते, हेही इतिहासाने शिकवले. विंडोज एक्सपीचे साहाय्य ८ एप्रिल २०१४ रोजी थांबले. आपल्या देशातील असंख्य एटीएम यंत्रे आणि कचेऱ्या त्यानंतरही तिच्यावरच चालत होत्या. मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय' या खंडणीखोर विषाणूने जगभर धुमाकूळ घातला, तेव्हा दुरुस्त्या न केलेल्या संगणकांची किंमत सर्वांना कळली. रिझर्व्ह बँकेने २१ जून २०१८ रोजी परिपत्रक काढून बँकांना वेळापत्रकच आखून दिले: साहाय्य संपलेल्या प्रणालींवरील एटीएमपैकी २५ टक्के सप्टेंबर २०१८ पर्यंत, निम्मी डिसेंबरपर्यंत, ७५ टक्के मार्च २०१९ पर्यंत आणि उर्वरित सर्व जून २०१९ पर्यंत बदलावीत. साहाय्य संपून चार वर्षे उलटल्यावर हे वेळापत्रक आले, यावरून आपल्या अंदाजपत्रकी शिस्तीची कल्पना यावी. खरेदीसाठी आपल्याकडे लेखाशीर्ष असते; खरेदी केलेल्या वस्तूच्या अखेरच्या दिवसासाठी नसते.

आज विंडोज १० च्या बाबतीत हाच पेच आहे. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा-चकती व तुलनेने नवा प्रक्रियक लागतो. त्यामुळे धडधाकट चालणारे अनेक संगणक तिला पात्र ठरत नाहीत. असे यंत्र भंगारात काढण्यापूर्वी त्यावर लिनक्सची एखादी आवृत्ती पेन-ड्राइव्हवरून चालवून पाहावी. मूळ तबकडीला धक्का न लावता हा प्रयोग करता येतो. पत्रव्यवहार, हिशेबाचे तक्ते व आंतरजाल एवढेच काम असेल, तर त्या यंत्राची आणखी काही वर्षे सहज निघतील.

धोरण आणि व्यवहार

केंद्र शासनाने या बाबतीत धोरणे आखली नाहीत असे नाही. दस्तऐवजांच्या एका वादग्रस्त आंतरराष्ट्रीय मानकावर २००७ व २००८ मध्ये भारताने विरोधी मत नोंदवले. नोव्हेंबर २००९ मध्ये ई-प्रशासनासाठी युनिकोड हे अक्षरांचे मानक अधिसूचित झाले. नोव्हेंबर २०१० मध्ये खुल्या मानकांचे धोरण आले. मार्च २०१५ मध्ये मुक्त-स्रोत सॉफ्टवेअर स्वीकारण्याचे धोरण जाहीर झाले. त्यानुसार मुक्त-स्रोत पर्याय का वगळला, याचे कारण पुरवठादाराने देणे अपेक्षित आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये संरक्षण मंत्रालय आपल्या संगणकांवर उबुंटूवर आधारित 'माया' ही प्रणाली आणत असल्याचे वृत्त आले.

तरीही सर्वसाधारण कचेरीत फारसा फरक का पडला नाही? कारण तेथे निवड धोरणाने होत नाही, ती स्वाक्षरीच्या टोकनने आणि स्कॅनरने होते. डिजिटल स्वाक्षरीचे टोकन, बोटाचे ठसे घेणारे उपकरण, स्वस्तातला स्कॅनर यांपैकी एकाचा जरी जोड-कार्यक्रम लिनक्सवर उपलब्ध नसला, तरी सगळे धोरण तेथेच अडते. अनेक शासकीय संकेतस्थळे वर्षानुवर्षे केवळ इंटरनेट एक्सप्लोररवरच चालत असत. म्हणजे नागरिकाने कोणती प्रणाली घ्यावी हे नकळत शासनच ठरवत होते. जून २०२२ मध्ये त्या न्याहाळकाचे साहाय्य संपले, तेव्हा ही दुरुस्ती करणे भाग पडले. शासनाच्या कार्यालयात कोणती प्रणाली असावी, याहून शासनाच्या दारात येणाऱ्याने कोणती आणली तरी चालावे, हा आग्रह मला अधिक लोकशाहीचा वाटतो. आज तर बहुसंख्य भारतीयांचा पहिला संगणक म्हणजे त्यांच्या हातातला मोबाईल असतो आणि त्यातील अँड्रॉइडच्या गाभ्याशी लिनक्सच आहे.

पाच प्रश्न

तेव्हा भाच्याला, मंडळाच्या कार्यवाहांना आणि तरुण अधिकाऱ्यांना माझे सांगणे एकच. 'सर्वांत चांगली प्रणाली कोणती' हे विचारू नका. त्याऐवजी स्वतःला पुढील पाच प्रश्न विचारा.

१. काम कोणते आणि ते कोण करणार? एकट्याचे टेबल आणि दहा कारकुनांची खातेवही यांच्या गरजा भिन्न आहेत. अभ्यासक्रमाला वा व्यवसायाला एखादी विशिष्ट आज्ञावली अपरिहार्य असेल, तर ती ज्या प्रणालीवर चालते ती घ्यावी. येथे तत्त्वनिष्ठेचा अट्टहास उपयोगाचा नाही.

२. माझी भाषा तिच्यात मूळचीच आहे काय? आज विंडोज, मॅक, लिनक्स, अँड्रॉइड या सर्वांत युनिकोड मराठी व इन्स्क्रिप्ट कळफलक अंगभूत आहेत. जुन्या फॉन्टातील मजकूर असेल, तर तो युनिकोडमध्ये आजच रूपांतरित करून घ्यावा.

३. माझी सर्व उपकरणे तिच्याशी जुळतात काय? छपाईयंत्र, स्कॅनर, टोकन हे सर्व आधी जोडून पाहावे आणि मगच देयकावर स्वाक्षरी करावी.

४. तिचे साहाय्य कोणत्या तारखेपर्यंत आहे आणि त्यानंतर काय? ती तारीख यंत्रावर चिकटवून ठेवावी.

५. उद्या ही प्रणाली सोडावी लागली, तर माझे दप्तर मला जसेच्या तसे उचलून नेता येईल काय?

यांतील पाचवा प्रश्न मी शेवटी ठेवला असला, तरी विचारताना तो पहिला विचारावा. बँकांनी युनिक्स निवडताना, रेल्वेने यंत्रामागून यंत्र बदलताना आणि केरळच्या शिक्षकांनी आपली वाट निवडताना तोच या ना त्या रूपात विचारला होता. मी तो विचारला नाही, आणि त्याचे मोल दहा कोस चालून आलेल्या एका बाईने चुकवले. तिचे नाव त्या यादीत पुन्हा लिहिले गेले, या वेळी युनिकोडमध्ये. यंत्र, प्रणाली आणि अधिकारी हे तिन्ही बदलत राहणार. पुढे येणाऱ्याला ते नाव वाचता आले पाहिजे, एवढी काळजी निवड करणाऱ्याने घ्यावी.